मोठा बोअर, मोठा ब्रेक? एका रूढ मताचे खंडन

घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी मोटार बांधणाऱ्यांचा एक जुना आणि हट्टी पंथ आहे. त्याचे माहेर इंग्लंड. १९५७ साली लोटसची 'सेव्हन' बाजारात आली, ती सुट्या भागांच्या संचातही मिळे. तयार गाडीवरचा परचेस टॅक्स त्यामुळे वाचे. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे अवयव काढून अशी गाडी अडीचशे पौंडांत कशी उभी करावी, याचे पुस्तकच लिहिले. तेव्हापासून किट कारचा नाद सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आला. ही मंडळी चासीच्या नळ्यांचे कोन अर्ध्या अंशापर्यंत मोजतात, सस्पेन्शनची भूमिती रात्र रात्र जागून आखतात. पण पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर देणाऱ्या मास्टर सिलिंडरचा प्रश्न आला, की यांतलीच पुष्कळ मंडळी गणित मिटवून ठेवतात आणि ऐकीव मतावर विसंबतात. ते मत असे: ब्रेक जोरकस हवा असेल तर मास्टर सिलिंडर मोठ्या बोअरचा, म्हणजे मोठ्या आतल्या व्यासाचा, घ्यावा.

हे मत चूक आहे. निरुपद्रवी चूक असती तर सोडून दिले असते. पण ही चूक माणसाच्या पायाखाली बसवली जाते आणि ताशी शंभर किलोमीटरला तिची परीक्षा होते. म्हणून हा खटला वाचकांपुढे मांडतो. निकाल त्यांनी द्यावा.

प्रथम पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या बळकट रूपात. मोठ्या बोअरचे कैवारी चार मुद्दे मांडतात. पहिला: मोठा सिलिंडर एका दाबात जास्त ब्रेक ऑइल ढकलतो, जास्त ऑइल म्हणजे पॅडवर जास्त जोर. दुसरा: मोठा सिलिंडर बसवला की पेडल टणक होते, वरच्या वर लागते, लहान बसवला की पाय खोल जातो. टणक पेडल म्हणजे खात्रीचा ब्रेक, हे कोणाही चालकाला पायाने कळते. तिसरा: कारखान्यातून येणाऱ्या साध्या मोटारींत बहुधा वीस ते पंचवीस मिलिमीटरचे सिलिंडर असतात. त्या कंपन्यांचे इंजिनिअर काय वेडे आहेत? चौथा: पुढच्या आणि मागच्या ब्रेकांना वेगवेगळे मास्टर सिलिंडर असतात आणि पेडलचा जोर त्या दोहोंत वाटून तोल सांभाळायला बॅलन्स बार असतोच. तेव्हा दोन्ही सिलिंडर एकाच मापाचे, मोठे घ्यावेत आणि बाकीचे बारवर सोडावे.

हे मुद्दे मूर्खपणाचे नाहीत. प्रत्येकात सत्याचा एक अंश आहे आणि म्हणूनच हे मत इतकी वर्षे टिकले. आता ते एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा ऑइलचा. ब्रेकमध्ये ऑइल हा निरोप्या आहे. पॅडवर जोर येतो तो ऑइलच्या दाबाने, त्याच्या मापाने नव्हे. आणि दाब म्हणजे काय? पायाने दिलेला जोर भागिले सिलिंडरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ. क्षेत्रफळ भाजकात आहे. भाजक वाढवला तर भागाकार वाढतो की घटतो? हे शाळेतल्या मुलाला विचारावे. पास्कलने हा नियम सतराव्या शतकात सांगितला. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने त्याच नियमावर हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. त्या प्रेसमध्ये हाताने चालवायच्या पंपाचा पिस्टन मुद्दाम बारीक असतो आणि भार उचलणारा जाड. ब्रामाने पंपाचा पिस्टन जाड केला असता तर त्याचा प्रेस कोणी विकत घेतला असता काय? मालकम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९२१ च्या ड्यूझेनबर्गमध्ये चारही चाकांना तसे ब्रेक आले, त्यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

ज्यांना सूत्रे नकोत त्यांनी औषधाच्या दुकानातून दोन सिरिंज आणाव्यात, एक लहान, एक मोठी. दोन्हींत पाणी भरून, हवा काढून, मधे सलाइनची नळी जोडावी. एका हाताच्या अंगठ्याने लहान सिरिंज आणि दुसऱ्या अंगठ्याने मोठी अशी एकमेकींविरुद्ध दाबून पाहावी. लहान सिरिंज जिंकते. मोठीचा दट्ट्या हटत हटत मागे जातो.

बोअरचा फरक दिसायला किरकोळ असतो आणि फसगत होते ती इथेच. ०.६२५ इंच आणि ०.७५ इंच ही दोन मापे किट कारवाल्यांच्या नेहमीच्या परिचयाची. व्यासात फरक जेमतेम तीन मिलिमीटर. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने चालते: एकाचे १.९८ चौरस सेंटिमीटर, दुसऱ्याचे २.८५. म्हणजे तोच पाय, तेच पेडल, तेच कॅलिपर असताना लहान सिलिंडर ४४ टक्के अधिक दाब देतो. एक इंचाचा घेतला तर क्षेत्रफळ ५.०७, ०.६२५ च्या अडीच पटीहून जास्त. पहिला मुद्दा इथेच संपतो.

पण युक्तिवाद हवेत नको. एक गाडी कागदावर घेऊ. सेव्हनच्या वळणाची, दोन माणसांसह ७०० किलो, वजन पुढे-मागे निम्मे निम्मे, व्हीलबेस २.२५ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर. कोरड्या रस्त्यावर ०.९ जीचा कडक ब्रेक लावला, तर मागचे १२६ किलो वजन पुढच्या चाकांवर सरकते. पुढे होतात ४७६, मागे उरतात २२४. म्हणजे पुढच्या चाकांनी ६८ टक्के काम करायचे, मागच्यांनी ३२. टायरची त्रिज्या २८ सेंटिमीटर, पॅडचा घर्षणांक ०.४ धरू. पुढे ५४ मिलिमीटरच्या एका पिस्टनचे सरकते कॅलिपर, मागे ३८ मिलिमीटरचे. डिस्कवर पॅड जिथे घासतो तिथली त्रिज्या पुढे दहा, मागे साडेदहा सेंटिमीटर. हिशेब केला तर पुढच्या ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३३ किलो आणि मागच्यात ३० किलो दाब लागतो.

आता पाय किती मारावा लागेल? पेडलची तरफ ५:१ धरा, पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो नाही. दोन्ही सिलिंडर ०.७५ इंचाचे असतील तर पायाने ३७ किलो जोर द्यावा लागतो. सात अष्टमांश इंचाचे असतील तर ५१ किलो. एक इंचाचे असतील तर ६६ किलो. आणि पुढे ०.६२५, मागे ०.७० घेतले तर? फक्त २६. गाडी तीच, डिस्क त्याच, पॅड तेच. ज्याला 'मोठा ब्रेक' म्हणतात तो त्याच थांबण्यासाठी अडीच पट पाय मागतो. याला जोरकस ब्रेक म्हणायचे काय?

दुसरा मुद्दा टणक पेडलचा. हा खरा गुन्हेगार आहे, कारण तो अनुभवाच्या वेषात येतो. गाडी अजून स्टँडवर आहे, हवा काढून झाली आहे, बांधणारा सीटवर बसून पेडल दाबतो. ते दगडासारखे लागते. तो खूश होतो. पण त्याने नेमके काय तपासले? गाडी उभी आहे. थांबवायला काही नाही. त्याने तपासली ती पेडलची चाल, ब्रेकचा जोर नव्हे. मोठा सिलिंडर थोड्या चालीत बरेच ऑइल ढकलतो, म्हणून पॅड लवकर डिस्कला टेकतात आणि पेडल वरच अडते. त्या क्षणानंतर, म्हणजे खऱ्या ब्रेकिंगच्या वेळी, तोच मोठा सिलिंडर पायाला साथ देत नाही. हाच बांधणारा गाडी रस्त्यावर काढतो, ब्रेक मारतो, गाडी थांबता थांबत नाही, आणि तो निष्कर्ष काढतो की कॅलिपर अपुरे आहेत. मग महागडे चार पिस्टनचे कॅलिपर येतात. चोर सोडून संन्याशाला फाशी!

त्या कॅलिपरांचाही हिशेब करून टाकू. ३८ मिलिमीटरच्या चार पिस्टनांचे पक्के कॅलिपर घ्या. त्याचे दोन पिस्टन एका बाजूला, दोन दुसऱ्या. दाबणारा जोर मोजताना एकच बाजू धरायची: दोन पिस्टनांचे क्षेत्रफळ २२.७ चौरस सेंटिमीटर. आणि ५४ मिलिमीटरच्या एकट्या पिस्टनचे? २२.९. चार पिस्टनांचे कॅलिपर जास्त ताठ असेल, पॅड त्याने समान झिजतील, उष्णता बरी सोसेल. हे फायदे खरे. पण जोर तेवढाच. खर्च मात्र तेवढाच नाही.

पेडल स्पंजासारखे लागत असेल तर त्याची कारणे वेगळी आहेत: लायनीत राहिलेली हवा, फुगणारे जुने रबरी होज, लवचीक कॅलिपर, पेडल बॉक्सच्या पत्र्याला येणारा बाक. साध्या पत्र्याच्या फायरवॉलवर सिलिंडर बोल्टने आवळला आणि मदतनीसाने पेडल दाबले, की तो पत्रा डोळ्यांदेखत दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकलेला दिसतो. पाच पटीच्या तरफेने पायाखाली ती चाल दहा-पंधरा मिलिमीटर होते. तिथे गसेट जोडायला हवी. त्याऐवजी सिलिंडर मोठा करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तिसरा मुद्दा कंपन्यांच्या शहाणपणाचा. त्यांचे इंजिनिअर वेडे नाहीत, हे शंभर टक्के मान्य. म्हणूनच त्यांनी मोठ्या सिलिंडराच्या मागे व्हॅक्यूम सर्व्हो बसवलेला असतो. इंजिनच्या मॅनिफोल्डची ओढ वापरून तो पायाचा जोर कैक पटींनी वाढवतो. जोराची सोय झाल्यावर त्यांना मोठा बोअर परवडतो, आणि त्या बदल्यात ते घेतात आखूड, सुखाची पेडल चाल. किट कारवाला काय करतो? जुन्या गाडीतून सिलिंडर काढतो आणि सर्व्हो तिथेच सोडतो. कारण अरुंद बॉनेटखाली तो ढोल मावत नाही, आणि इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेल्या वेबर कार्बोरेटरांमुळे पुरेशी स्थिर ओढही नसते. जोडीतला एक अवयव उचलायचा, दुसरा टाकायचा, आणि वर कंपनीचा दाखला द्यायचा! हा दाखला पूर्वपक्षाच्या बाजूने बोलत नाही. सर्व्हो नसलेल्या गाडीला मोठा सिलिंडर चालत नाही, हेच तो सांगतो.

चौथा मुद्दा समान मापांचा आणि बॅलन्स बारचा. हा सर्वांत घातक, कारण इथे पायाचे श्रम गौण ठरतात आणि जिवाचा प्रश्न येतो. आपल्या कागदावरच्या गाडीला दोन्ही सिलिंडर समान मापाचे लावले आणि बार मध्यावर ठेवला, तर दोन्हीकडे समान दाब जातो. मग मागच्या ब्रेकांचा वाटा होतो ३४ टक्के. ०.९ जीला मागच्या चाकांची ऐपत मात्र ३२ चीच आहे. म्हणजे मागची चाके आधी लॉक होतात. पुढची चाके लॉक झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ तरी जाते. मागची लॉक झाली की त्यांची आडवी पकड जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

इथे एक बारकावा आहे. समान सिलिंडरांच्या या गाडीत मागची चाके आधी लॉक होणे सुमारे ०.७९ जीच्या वरच सुरू होते. त्याखाली सगळे ठीक. ओल्या रस्त्यावर टायर तिथवर पोचतच नाहीत. गल्लीतल्या सावध चाचणीत पोचत नाहीत. दोष लपून राहतो, आणि उघडा पडतो तो कोरड्या हमरस्त्यावर, पूर्ण वेगात, जीव खाऊन मारलेल्या ब्रेकला. पुढे ०.६२५ आणि मागे ०.७० लावले तर मागचा वाटा २९ टक्क्यांवर येतो, आणि मागची चाके आधी लॉक होण्याची वेळ एक जीच्या पुढे जाते. साधे रस्त्याचे टायर तिथे क्वचितच पोचतात.

बार फिरवून हे साधणार नाही काय? थोडेसे साधेल. पण बार बारीक सुधारणेसाठी असतो. मूळ चूक झाकण्यासाठी नव्हे. तो मध्यापासून दूर सरकवला की एका सिलिंडराच्या पुशरॉडवर जोर लादला जातो आणि सुधारणेला जागा उरत नाही. शिवाय ब्रिटनमध्ये २००९ पासून अशा गाड्यांना वैयक्तिक मान्यतेची चाचणी द्यावी लागते. तिथे पुढची चाके आधी लॉक होतात की नाही हे पाहतात, आणि बारची जागा कायमची पक्की केलेली असावी लागते. तेव्हा 'पुढे पाहू' हा मार्गही बंद.

आता एक आक्षेप, जो विरोधकांनी नीट मांडला तर त्यांना अर्धा विजय मिळेल: लहान सिलिंडर फुकट काही देत नाही. खरे आहे. जोर वाढला की चाल वाढते. ऊर्जेचा नियम कोणालाही सूट देत नाही. प्रत्येक कॅलिपरचा पिस्टन पॅडची फट, पॅडचे दबणे आणि होजचे फुगणे मिळून ०.६ मिलिमीटर सरकतो असे ढोबळ धरले, तर दोन एक-इंची सिलिंडरांना पेडल सुमारे २० मिलिमीटर खाली जाते, दोन ०.७५ ना ३६, आणि आपल्या ०.६२५-०.७० च्या जोडीला ४९. पाच सेंटिमीटरच्या आतली चाल पायाला जड नाही. उलट ब्रेक मोजून मारता येतो. पण हाच हिशेब पुढे ताणून कोणी कॅलिपर मोठे आणि सिलिंडर आणखी बारीक करत गेला, तर पॅड झिजल्यावर आणि ऑइल तापल्यावर पेडल तळाला टेकण्याचा धोका खरा आहे. अति तेथे माती, हे लहान बोअरलाही लागू. म्हणून 'लहानच घ्या' असा उलटा मंत्र मी देत नाही. मंत्रच नको, माप हवे.

०.६२५-०.७० च्या या जोडीत आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहावी लागते. पुढच्या सिलिंडरची चाल १४ मिलिमीटर आणि मागच्याची साडेपाच. म्हणजे ब्रेक मारताना बार साडेआठ मिलिमीटरने तिरका होतो. क्लेव्हिसच्या बाजूला त्याला तेवढी मोकळीक नसेल तर तो अडकतो, आणि सगळा हिशेब वाया जातो. ही तपासणी सोपी आहे. पुढच्या एका कॅलिपरचा ब्लीड निपल उघडावा, खाली बाटली धरावी आणि पेडल हळू दाबावे. बार पूर्ण तिरका होऊन टेकला पाहिजे, आणि पेडल जमिनीला लागायच्या आत मागची चाके घट्ट झाली पाहिजेत. मग उलट, मागचा निपल उघडून तेच. एक लाइन फुटली तरी दुसरी वाचवते की नाही, हे गॅरेजमध्येच कळते.

आपल्याकडे घरी बांधलेली गाडी रस्त्यासाठी नोंदवून घेणे सोपे नाही, त्यामुळे हा वाद इंग्लंडातल्या गॅरेजांचाच आहे असे वाटेल. तसे नाही. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले बाहा आणि फॉर्म्युलाच्या स्पर्धांसाठी दरवर्षी असल्याच गाड्या बांधतात. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत दोन स्वतंत्र हायड्रॉलिक सर्किट लागतात, पेडलने २००० न्यूटन म्हणजे जवळपास दोनशे किलोचा जोर सोसावा लागतो, आणि ब्रेक चाचणीत चारही चाके लॉक करून दाखवावी लागतात. तोवर गाडीला ट्रॅकवर पुढच्या फेऱ्या मिळत नाहीत. या चाचणीत 'पेडल टणक आहे' हे उत्तर चालत नाही.

मग मापाची निवड कशी करावी? क्रम उलटा लावायचा, इतकेच. आधी गाडी चार वजनकाट्यांवर ठेवून चाकागणिक वजन घ्यावे, माणूस सीटवर बसवून. गुरुत्वमध्याची उंची काढावी. ती अंदाजाने धरायची असेल तर थोडी जास्त धरावी, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला होईल. मग डिस्क, कॅलिपर आणि टायर ठरवून पुढचा आणि मागचा दाब काढावा. पेडलची तरफ मोजावी; वेगवेगळ्या पेडल बॉक्सांत ती वेगवेगळी असते. पूर्ण ब्रेकला पायाचा जोर पंचवीस-तीस किलोच्या आसपास यावा, असा पुढचा सिलिंडर निवडावा. मागचा सहसा त्याहून एक माप मोठा ठरतो. नंतर चाल तपासावी. ती तळाला जात असेल तर एक माप वर यावे. बार मध्यावर ठेवून सगळे जुळले पाहिजे. तो थोडा फिरवायचा तो रस्त्यावरच्या चाचणीनंतर. या क्रमात मास्टर सिलिंडरची खरेदी सर्वांत शेवटी येते. बहुतेकांच्या यादीत ती सर्वांत आधी असते.

न्यायासनावरील वाचकांना एवढेच सांगणे आहे. मोठ्या बोअरचा एकच खरा गुण आहे: आखूड पेडल. तो गुण सर्व्हो असलेल्या गाडीला शोभतो. सर्व्हो नसलेल्या, हलक्या, घरी बांधलेल्या गाडीत तो पायाची ताकद खातो, आणि पुढे-मागे समान लावला तर मागची चाकेही आधी लॉक करू शकतो. तेव्हा सिलिंडर मागवण्याआधी एक संध्याकाळ काढा, कागद-पेन्सिल घ्या आणि हिशेब मांडा. तो चुकला तर खोडता येतो.